विचारल्याशिवाय सही नाही

६ फेब्रुवारी २०१७, सोमवार
ड्यूटी अजून रस्त्यातल्या त्याच गॅसच्या पाइपच्या खड्ड्यावर. या टोकाला लाल झेंडा घेऊन मी, त्या टोकाला माझे जोडीदार कुझेआजोबा. बोट दाखवून मोठ्याने बोलायचं — उजवीकडे ठीक! डावीकडे ठीक! समोर ठीक! — मगच गाड्या सोडायच्या. आजोबा लाजून पुटपुटतात. मी ओरडतो. चार वर्षांत कुणाला साधं खरचटलेलं नाही.

९ फेब्रुवारी
इसोगाई वकीलबाई आल्या. माझे पैशांचे व्यवहार बघायला कोर्टाने त्यांना माझे पालक म्हणून नेमलंय. मी चौतीस वर्षांचा आहे, तरी. चूक माझीच. एका गोड बोलणाऱ्या माणसाने दारात उभं राहून मला पाणी शुद्ध करायची तीन यंत्रं विकली. घरात नळ एक!
बाई म्हणाल्या, "मिनोकुरासान, यापुढे मला विचारल्याशिवाय कशावरही सही करायची नाही."
पाठ करून टाकलं. बरं वाटलं.

१५ फेब्रुवारी
आमच्या कंपनीच्या यामाउरासाहेबांना आनंदाने सांगितलं — आता मला पालक आहेत! साहेब कपाटातून नियमांची फाइल काढून बसले.

१७ फेब्रुवारी
साहेबांनी ऑफिसात बोलावलं. जपानात तसा कायदाच आहे म्हणे. कोर्टाने ज्याला पालक दिला, त्याला सुरक्षारक्षकाचं काम करता येत नाही.
"माझं काही चुकलं का?"
"नाही रे. तुझ्यासारखा माणूस नाही माझ्याकडे."
"मग?"
"कायदा."
राजीनाम्याचा कागद पुढे सरकवला. मी म्हटलं, विचारल्याशिवाय सही नाही. "अरे बाबा, साधा कागद आहे." यंत्रवालाही हेच म्हणाला होता. साहेबांनी कपाळाला हात लावला.

२० फेब्रुवारी
कामावरून काढलं. माझी सही लागतच नव्हती म्हणे! हेल्मेट पुसून परत दिलं.

२ मार्च
कुझेआजोबांचा फोन. "तुझ्या जागी आलेला माणूस मोबाइल बघत गाड्या सोडतो. काल दुधाची गाडी खड्ड्यात जाता जाता वाचली. पण त्याला पालक नाही ना, म्हणून तो चालतो!" आजोबा हसले. मला हसू आलं नाही. फोन ठेवून रडलो.

९ मार्च
बाई म्हणाल्या, कोर्टाला सांगून पालक काढून टाकता येईल. मग नोकरीही करता येईल.
"आणि यंत्रवाला परत आला तर?"
"तोच तर घोळ आहे."
म्हणजे रोज फसत राहिलो तर मी कामाला लायक. फसू नये म्हणून काळजी घेतली की नालायक. मला हे समजत नाही. बाईंनाही समजत नाही, आणि त्या तर वकील आहेत.

२१ मार्च
बाईंनी कागदांचा जाडजूड गठ्ठा आणला. हा कायदाच चुकीचा आहे, म्हणून सरकारवर खटला. पूर्ण वाचून दाखवला, दोनदा.
मी विचारलं, "तुमची परवानगी आहे?"
"आहे. पण तुमची इच्छा आहे का?"
हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. उभा राहिलो, बोट दाखवलं. नाव ठीक! तारीख ठीक! समोर सरकार — ठीक नाही!
सही केली.