जिन्याचं दार

६ ऑक्टोबर

पोचले एकदाची! उदगीरहून पहाटेची बस धरली आणि दुपारी गौलीगुड्याच्या बसस्टँडवर उतरले, हातात दोन बॅगा, खांद्यावर गादीची वळकटी. पहिली नोकरी, पहिलं स्वतःचं बिऱ्हाड. रिक्षावाल्याला मलकपेठचा पत्ता सांगितला तर म्हणतो, "मूसी के बाजू की गल्ली? वहाँ कायकू लिए घर?" मी म्हटलं, हवा छान येते म्हणून. तो हसला नाही.

घर उतरत्या गल्लीतलं शेवटचं. मागं भिंत, भिंतीपलीकडे मूसी नदी. खालचं पोर्शन माझं: एक खोली, स्वयंपाकघर, न्हाणी. वर घरमालक राहतात. हणमंतराव काका सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, कडक इस्त्रीचे. सावित्रीकाकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तरी घरभर बिनधास्त वावरतात. आणि त्यांची मुलगी राणीताई, पस्तिशीची असेल. तिचं लग्न झालेलं नाही, बाहेर फारशी जात नाही म्हणे. आपलीच मराठी माणसं, आजोबा-पणजोबांपासून इथली. बोलता बोलता "हौ" आणि "नक्को" येतंच.

काकूंनी लगेच वर जेवायला बोलावलं. जिना घराच्या आतूनच आहे, वरच्या टोकाला जाड सागवानी दार. ज्वारीची भाकरी, अंबाड्याची भाजी, खट्टी दाळ. लाज वाटेपर्यंत जेवले. काकू म्हणाल्या, "जेव गं वृषाली. या घरचं अन्न पोटात गेलं की तू या घरची."

राणीताई तेवढी ताटावरून उठून गेली.

८ ऑक्टोबर

कान तपासायचं आमचं क्लिनिक जामबागेत, जुन्या कॉलेजच्या मागे. दिवसभर लोकांना काचेच्या खोलीत बसवून कानात बारीकबारीक आवाज सोडायचे आणि त्यांनी बोट वर केलं की खूण करायची. मला हे काम मनापासून आवडतं. सोबतचा संदेश इथलाच, आईबरोबर राहतो. मराठी बोलतो झकास, वाचताना मात्र अक्षरं जुळवत बसतो. मी त्याला चिडवते.

संध्याकाळी घरी आले तर माझ्या दोन्ही बॅगा गल्लीत. वळकटी चिखलात. राणीताई दारात उभी. म्हणाली, ही खोली भाड्यानं द्यायची नाही, आजच्या आज दुसरी बघ. मला रडूच आलं. तेवढ्यात काका बाहेरून आले आणि तिला दंडाला धरून आत घेऊन गेले. मग स्वतः बॅगा उचलून आणल्या. काकूंनी हात जोडले. म्हणाल्या, तिचं डोकं पावसाळ्यात जरा फिरतं, मनावर घेऊ नको.

मनावर कसं घेऊ नको? असलं वाईट मला कुणी वागवलेलं नाही.

१० ऑक्टोबर

समुद्रात वादळ उठलंय. टीव्हीवर दिवसभर तोच पांढरा भोवरा गरगर फिरतोय. काकीनाड्याच्या बाजूला किनाऱ्यावर चढणार म्हणे. क्लिनिकमध्ये कुणाला फारसं काही वाटत नाही. संदेश म्हणाला, वारा इथवर येता येता मरतो, पण पाऊस मरत नाही. वरच्या तलावांची दारं उघडली की मूसी गल्ल्यांत शिरते.

घरी मात्र काकांची तयारी बघण्यासारखी. धान्याचे डबे, गॅसची टाकी, गाद्या, देवाचे फोटो, सगळं वर. खिडक्यांवर ताडपत्री ठोकली, अगदी फट ठेवली नाही. गेटपाशी वाळूची पोती आली. काकूंनी चिवडा केला, पिण्याच्या पाण्याची पिंपं भरली. मीही पदर खोचून पळत होते, घागरी वर, टोपली वर. मजा आली, खोटं कशाला बोलू.

शेवटी माझी बॅग उचलली तर काकांनी हातातून काढून घेतली आणि खाली ठेवली. म्हणाले, "तुझं खालीच राहू दे."

११ ऑक्टोबर

सकाळपासून संततधार. क्लिनिक लवकर बंद केलं. संदेश म्हणाला, आई घरी वाट बघतेय, दोन दिवस आमच्याकडे राहा, तुमची गल्ली खोलात आहे. मी हो म्हणून कपडे घ्यायला घरी आले.

काकू खालीच पाटावर बसल्या होत्या. समोर दुसरा पाट. बस म्हणाल्या. माझी ओटी भरली: तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, हिरवा खण. मला हसू आलं. लग्नाआधी ओटी कसली, आमच्याकडे नाही भरत, असं म्हटलं.  त्यांनी कुंकू लावलं. मग मान वळवून न्हाणीच्या मोरीकडे बघत, अगदी साध्या आवाजात, दुसऱ्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाल्या, "ही निशी. हीच निशी आहे आता."

मी विचारलं, निशी कोण? म्हणाल्या, तुला लाडानं म्हटलं गं.

मला तिथून निघायचं होतं. काका म्हणाले, रस्ते भरलेत, रिक्षा नाहीत. आम्ही दोघं म्हातारी, तू गेलीस तर वेळेला हाताशी कोण? त्यांचा चेहरा इतका बापुडा दिसला की माझा पाय निघेना. संदेशला फोन करून येत नाही कळवलं.

मोरीत हवा घुमतेय. खूप खालचा आवाज, कानाला कमी आणि छातीला जास्त कळतो असा. पाइपातून पाणी मागं सरकलं की होतं तसं. मी मघापासून ऐकतेय. दोन सूर आहेत, एक लांब, एक आखूड. नि— शी.

पाइपच आहे.

१२ ऑक्टोबर

उजाडलं पण उजेड नाही. वीज गेली. फोनला रेंज नाही. मोरीतून काळं पाणी वर येतंय, शांतपणे, आधणासारखे बुडबुडे काढत. आत्ताच घोट्यापर्यंत आहे. मोरीवर पोळपाट ठेवला, त्यावर वरवंटा ठेवला. पाण्यानं दोन्ही बाजूला सारलं.

गेटला आतून कुलूप. किल्ली वर. आणि पोती छातीपर्यंत रचलेली. ती पाणी अडवायला नव्हती. पाणी तर आतूनच येतंय.

जिन्याचं दार वरून बंद.

खूप ठोठावलं. काका आतून म्हणाले, सामान उंचावर ठेव, काही होत नाही. मी म्हटलं, काका, दार उघडा. परत ठोठावलं. मग, "उघडता येत नाही, पोरी." काकू रडत होत्या. म्हणत होत्या, तिला बोलू नका, बोललं की माया लागते.

त्याच दिवशी, नंतर

कॉट बुडाली. मी जिन्यावर आहे, वरून तिसऱ्या पायरीवर.

राणीताई दाराच्या फटीशी येऊन बोलली. आईबाप आत खिडकी बांधत होते तेवढ्यात, घाईघाईनं. तिनं सांगितलं ते लिहून ठेवते.

निशी म्हणजे निशिगंधा, तिची धाकटी बहीण. खालच्या खोलीत झोपायची. अशाच एका वादळात नदी आत आली. राणीताई जिन्यावरून वर धावली, काकांनी तिला आत ओढलं आणि दार लावलं, कारण पाणी पायऱ्या चढत होतं आणि दार धरलं नसतं तर सगळेच गेले असते. असं ते म्हणतात. निशिगंधा मागेच होती. तिनं पुष्कळ वेळ दार वाजवलं.

तेव्हापासून प्रत्येक पुरात ती येते. दार वाजवते. ताईला बोलाव म्हणते. काकूंच्या मनानं घेतलंय की तिला सोबत हवी. घरची एक मुलगी दिली की शांत होईल. म्हणून जेवू घालून, ओटी भरून, निशीचंच नाव देऊन मला घरची केली.

ताई म्हणाली, "म्हणून तुझं सामान फेकलं गं. तुला समजेल असं वाटलं होतं."

मी तिला शिव्या घालत होते मनातल्या मनात, इतके दिवस.

म्हणाली, थांब. बाबा खिडकीशी आहेत तोवर कडी काढते.

—

वर आहे.

अंधार आहे. दुपार असेल, पण ताडपत्रीमुळे हाताला हात दिसत नाही. न बघता लिहितेय, ओळी एकमेकींवर चढत असतील. लिहिलं नाही तर ओरडेन.

ताईनं दार उघडलं. टॉर्च घेऊन खाली उतरली. पाणी माझ्या कमरेला होतं आणि पायांना काहीतरी धरत होतं, गवतासारखं, पण गवत असं आवळत नाही. मी गारठून हलूच शकत नव्हते. तिनं आपला रेनकोट माझ्या अंगावर टाकला, टोपी डोक्यावर ओढली आणि मला पुढं ढकललं. चढ, म्हणाली, मी मागेच आहे.

वरून काका ओरडत आले. राणी, राणी! माझं मनगट धरलं. आत ओढलं. दार लावलं. कडी. वरून पेटी सरकवली.

टॉर्च ताईच्या हातात होती. ताई टॉर्चसकट बाहेर राहिली.

माझ्या नाकातोंडात पाणी, मला बोलता येईना. काकूंनी मिठी मारली. राणी, माझं बाळ, माझं बाळ. आता सांगते, म्हटलं. खोकला थांबला की सांगते—

दार वाजलं.

"आई, मी राणी. दार उघड."

काका दाराला पाठ लावून बसले. म्हणाले, उघडायचं नाही. मागच्या वेळीही अशीच बोलली होती. आता राणीचं नावसुद्धा लावायला शिकली.

खोकला थांबलाय. केव्हाच थांबलाय.

सांगितलं तर दार उघडतील. ताईला आत घेतील. मग मला—

"बाबा, बाबा हो, मी आहे, तिला विचारा, आत वृषाली आहे, तिला विचारा—"

काकू माझे कान झाकताहेत. ऐकू नको म्हणतात. हात उबदार आहेत. झाकलेल्या कानांनाही येतंय. ताईचा आवाज चिरकतोय. आणि त्याच्याखाली दुसरा. लहान मुलीचा, समजूत घालणारा. दोन आहेत. बाकी कशात होईल पण यात माझी चूक होणार नाही. दोन आहेत.

दुसरा म्हणतोय, चल ना ताई.

मी सांगणार आहे. हे वाक्य झालं की—

हे झालं की—

नखं. लाकडावर. खाली खाली जात—

थांबलं.

काका म्हणाले, गेली. आणि हुंदके देऊ लागले. सुटलो म्हणतात, सावित्री, सुटलो.

बाहेर पाणीसुद्धा आवाज करत नाही.

काकूंनी माझा चेहरा ओंजळीत धरलाय. दिसत नाही म्हणून बोटांनी बघताहेत. कपाळ. भुवया. नाकाशी येऊन बोटं थांबलीत. परत कपाळावर गेलीत.

म्हणताहेत, राणी, बोल गं. एक शब्द बोल माझ्याशी.

काका रडायचे थांबलेत.

बोल ना गं—

मी तोंड उघडलंय, आणि