शून्य किलो कचरा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे मनातल्या मनात घातला आहे, पोचला असं समज). तुझा खोकला कसा आहे? भावोजींच्या कानातली शिट्टी थांबली का? मी ठणठणीत आहे. डॉक्टर म्हणतात रक्तदाब वाढलाय, पण तो रक्तदाब नव्हे, तुझा मुलगा आहे.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर माझा आवाज चढतो आणि तू फोन ठेवून देतेस. या कागदाची मागची बाजू बघ. 'कागद वाचवा' असं सांगणारं पत्रक आहे ते. जाड, गुळगुळीत कागदावर एकाच बाजूला छापलेली अशी दोन हजार पत्रकं आमच्या ऑफिसात वाटली आणि संध्याकाळपर्यंत सगळी टोपलीत गेली. त्यातली दीडशे मी उचलून आणलीत. आता मी मरेपर्यंत तुला पत्रं यावरच येतील.

अडतीस वर्षं मी या ऑफिसच्या तळघरात दुरुस्तीची खोली सांभाळतोय. पंख्याचा कंडेन्सर, नळाचा वॉशर, खुर्चीचं चाक, जे मोडेल ते खाली येतं आणि चालतं होऊन वर जातं. तीन मेलेल्या खुर्च्यांतून दोन जिवंत करतो, उरलेल्या तिसरीचे स्क्रूसुद्धा बरणीत ठेवतो. दोन वर्षांपूर्वी तुझा लेक चौथ्या मजल्यावर साहेब होऊन आला तेव्हा मी अख्ख्या तळघराला चहा पाजला होता (तो चहा मला आता परत हवाय). गेल्या महिन्यात त्याने 'पृथ्वी वाचवा पंधरवडा' जाहीर केला. एक पाहुणे बोलवले. ते म्हणाले, माणसं अशीच ओरबाडत राहिली तर एक पृथ्वी पुरायची नाही. मी टाळ्या वाजवल्या. खरंच आहे, दुसरी पृथ्वी काही माझ्या बरणीत सुटे भाग म्हणून ठेवलेली नाही. इथवर सगळं ठीक होतं.

मग तुझ्या चिरंजीवांनी स्पर्धा काढली. प्रत्येक विभागाने आपला कचरा अंगणातल्या काट्यावर आणून टाकायचा, तो पुनर्वापराला जाणार, आणि ज्याचा कचरा सगळ्यांत जड त्याला ट्रॉफी. मी हात वर करून विचारलं, ज्याचा कचरा कमी त्याला काय? तर म्हणाला, आपली सूचना नोंदवली आहे. (मला! 'आपली'! याचा शेंबूड मी पुसलाय.)

पहिल्या दिवशी जुन्या फायली गेल्या. दुसऱ्या दिवशी कचरा संपला. ताई, कचरा संपला तेव्हा स्पर्धाही संपायला हवी होती की नाही? पण टपालवाल्यांनी सहा पंखे उतरवले, ज्यांना मी महिन्यापूर्वीच ग्रीस भरलं होतं. ते बघून नोंदणी विभागातल्या बाई पेटल्या. या बाई स्वतःचा स्टेपलर उसना द्यायचा झाला तरी दोरीने बांधून देतात. त्यांनी लोखंडी कपाट दिलं, मग टेबल दिलं, मग एकतीस खुर्च्या दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी सगळा विभाग उभा राहून काम करू लागला. म्हणून नव्या खुर्च्या मागवल्या. प्रत्येक खुर्ची थर्माकोलमध्ये, थर्माकोल प्लॅस्टिकमध्ये, प्लॅस्टिक खोक्यात. आणि बाईंनी ती खोकीसुद्धा काट्यावर चढवली! त्या खोक्यांच्या जोरावर त्या पहिल्या आल्या. तीनशे बारा किलो.

फळ्यावर सगळ्यांत खाली लिहिलं होतं, दुरुस्ती विभाग, शून्य किलो. नुसतं लिहून थांबले नाहीत, मला लेखी समज दिली. 'पर्यावरणाविषयी अनास्था.' येत्या शुक्रवारी समारंभात साहेब जाहीर करणार की दुरुस्तीची खोली बंद. तिथे 'हरित दालन' होणार, भिंतीवर प्लॅस्टिकचे वेल लावून. मी फाटकावर पाहुण्यांची नावं लिहीत बसायचं.

मला संताप येतो, ताई. नोकरी जात नाहीये, माहीत आहे. पण माझे हात फाटकावर काय करणार? आई जुन्या चादरीची पिशवी करायची, पिशवी फाटली की फडकं करायची, आणि फडक्याची वात होईपर्यंत त्याला सोडायची नाही. तिला कोणी ट्रॉफी दिली? आणि याच मुलाची तीनचाकी मी सात वेळा जोडून दिली, नवी घ्यायची म्हटलं तर हा भोकाड पसरायचा. तो मुलगा कुठल्या मजल्यावर उतरला, कोण जाणे.

असो. खोकल्याकडे लक्ष दे. भावोजींना नमस्कार. तुझ्या लेकाला आशीर्वाद देणार नाही.

तुझा,
अनास्थ भाऊ

ता. क. : काल ऑफिस सुटल्यावर साहेब स्वतः तळघरात आले, दार लावून घेतलं आणि टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी माझ्यापुढे ठेवलं. ट्रॉफी! टेबलावरून पडली आणि पृथ्वीचा गोळा दांड्यावरून निखळला. म्हणाला, "मामा, शुक्रवारच्या आत होईल का रे? दुसरी मिळत नाहीये." मी बरणीतून स्क्रू काढला. तोही स्टुलावर बसून राहिला, तीनचाकीच्या वेळी बसायचा तसाच, गुडघ्यांवर हात ठेवून.

ता. क. २ : मुद्दा असा की गुरुवारी त्याला एक फोन कर. माझं नाव काढू नकोस. फक्त विचार, काय रे, ती ट्रॉफी कुठे दुरुस्त केलीस? बाकीचं तो समजेल, शेवटी पोरगा तुझाच आहे.

ता. क. ३ : पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. तुझ्यापासून काय लपवायचं? तो स्क्रू मी मुद्दाम अर्धाच आवळला होता. शुक्रवारी बाईंनी ट्रॉफी उंच धरली की पृथ्वी साहेबांच्या पायावर पडावी, एवढीच इच्छा होती. आज सकाळी चौथ्या मजल्यावर जाऊन पूर्ण आवळून आलो. ढिलं काम ठेवून मला जेवण जात नाही. तू फोन मात्र कर.