वल्ह्याला लावलेला कान

बाबा, तुमची ती पुण्याची पाहुणी मला अजून आवडत नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण तिचा विषय निघाला की माझं तोंड वाकडं होतंच.

देवबागात सगळे म्हणायचे, ह्यांचे कान पाण्यात. तुम्ही वल्हं खाली सोडून त्याच्या दांड्याला कान लावायचात आणि पाण्यात घोळ मासे घुरघुरतायत की नाही ते सांगायचात. मला ते एकदा, फक्त एकदा ऐकायचं होतं. मागे लागले की तुमचं उत्तर ठरलेलं, "बायलमाणसान होडयेत चढूचा नाय गो." मग मी आईबरोबर माशांची पाटी घेऊन बाजारात जायची.

आणि ती आली. माझ्याच वयाची, कानांवर हेडफोन, काठीला बांधलेला माईक. लोक रंगांनी चित्र काढतात तसं मी आवाजांनी काढते म्हणाली. तिला तुम्ही होडीत बसवलंत, माझ्यादेखत. मी भांडले तर म्हणालात, "पावण्यांचा चेडू ता. ताका कसा नाय म्हणतलंय?" आणि मी कोण होते? त्या रागात तिच्यासाठीचं बांगड्याचं तिखलं मी मुद्दाम जहाल केलं. तिने बोटं चाटून खाल्लं.

तुम्ही गेल्यावर तिने होडीत टिपलेलं ते सगळं कुडाळच्या एका हॉलमध्ये ऐकवलं. आई म्हणाली, "नाच नाय, गाणा नाय, काळोखात बसान काय बघूचा?" मी एकटीच गेले. काळोख आहे, चारी बाजूंना स्पीकर. आधी वल्ह्याची करकर येते, मग तुमचा श्वास, आणि त्याखालून ती घुरघुर, थेट पोटात. दोन्ही तिने असे विणलेत की श्वास कुठला आणि मासे कुठले, ओळखू येत नाही. सुंदर होतं, बाबा. ते मला सुचायला हवं होतं. माझ्या बापाचा श्वास मला तिच्याकडून ऐकावा लागत होता, अनोळखी माणसं डोळे पुसत होती आणि मी नुसती जळत होते.

त्या आवाजांत मध्येच ती काहीतरी विचारते आणि तुम्ही खेकसता, "गप रव गो! किती बडबडतंस!"

मी पुन्हा पुन्हा आत जाऊन बसले. शेवटी तिने मला मिठी मारली, रडली. तिला वाटलं, बापाच्या आठवणीने येतेय. हे पत्र कुठे जाणार नाही म्हणून सांगते: पहिल्यांदा मी तुमच्यासाठी गेले होते. नंतर प्रत्येक वेळी, तिला बसलेला तो ओरडा ऐकायला.