कमरेत कापड उरले नाही

१२ जून

चि. गब्ब्यास बापाचे अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे, म्हणजे गुडघा सोडून.

तुझ्या पँटी पोस्टाने मिळाल्या. कंबर सैल करून द्या म्हणतोस. उसवून पाहिले, तर आत दाबलेले कापड संपले आहे. दर वेळी मी थोडे थोडे सोडत आलो, आता सोडायला काही उरले नाही. जोड देता येईल, पण देणार नाही.

फोनवर तू नुसता हं हं करतोस म्हणून लिहितो. सूनबाई म्हणाली, ट्रकवरून उतरलास की सोफ्यावर आडवा होतोस. मूल होत नाही म्हणून दोघांनी तपासण्या केल्या, त्यात तिचे सगळे ठीक निघाले आणि तुझे काहीतरी कमी निघाले. काय कमी, ते ती सांगेना. माझ्या डोक्यात नाही नाही ते येते. सरळ लिही. लाजू नकोस, मी जन्मभर पुरुषांचीच मापे घेतली आहेत.

माया आहेच, पत्र मात्र टाक.
तुझा बाप


२० जून

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

कमी निघाले ते पुरुषी हार्मोन. शुक्राणूही कमी. रात्रभर स्टिअरिंगवर बसून तळलेले खायचे, झोप येऊ नये म्हणून गोड थंड बाटल्या प्यायच्या, हे माझे जेवण. डॉक्टर म्हणाले, सुटलेले पोट, अर्धवट झोप आणि शनिवारची दारू मिळून ते हार्मोन खाली ओढतात. पोटातली चरबी त्यातल्या काहीचे बायकी हार्मोन करून टाकते म्हणे. वजन उतरवा, झोपा, महिने लागतील, असे त्यांचे म्हणणे.

महिने कुठून आणू? हिचेही वय वाढते आहे. गोदामातला आमचा पैलवान याच हार्मोनची इंजेक्शने घेतो. दंड बघा त्याचे! जुलैच्या पहिल्या रविवारी मीही घेणार आहे. हिला सांगू नका. आणि पँटी पाठवा, कामावर टॉवेल गुंडाळून जाऊ का?

राग नसावा.
गब्ब्या


२४ जून

चि. गब्ब्यास आशीर्वाद.

पत्र वाचले आणि एका शर्टाच्या बाह्या उलट्या जोडल्या. दुकान बंद करून इथल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मला कमी ऐकू येते, त्यामुळे मोठ्याने बोललो आणि बाहेर बसलेल्या सगळ्यांना वाटले, इंजेक्शन मलाच हवे आहे. एक बाई खोकल्याचे सोंग करून हसली. हसू दे.

बाईंनी सांगितले ते मला कळले तसे लिहितो. बाहेरून हार्मोन आले की शरीर म्हणते, तयार माल येतोच आहे, मग आपण कशाला शिवायचे? आतले मशीन बंद पडते. शुक्राणू आणखी घटतात, कधी पार नाहीसे होतात. दंड फुगतील आणि पाळणा रिकामा राहील. पैलवानाला मुले किती, विचार.

तेव्हा इंजेक्शन घ्यायचे नाही. घेतलेस तर सूनबाईला मी सांगणार, खुशाल चहाडखोर म्हण. गोड आणि दारूची, दोन्ही बाटल्या बंद. डबा घरचा. मालकाकडे दिवसाच्या फेऱ्या माग. नाही म्हणाला तर मी येऊन त्याच्या टेबलासमोर बसतो. मी किती कटकट करू शकतो हे तुला ठाऊक आहे.

ऐकलेस तर लोभ, नाहीतर मी येतोच.
तुझा बाप


९ नोव्हेंबर

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

रागावलो होतो, म्हणून इतके दिवस लिहिले नाही. इंजेक्शन घेतले नाही. त्या रविवारी गेलो होतो, पैलवान सुई भरून बसला होता. तुमचा प्रश्न विचारला तर त्याने सुई खाली ठेवली. त्यालाही मूल हवे आहे, आणि दोष बायकोचा असे तो धरून चालला होता. आता तो माझ्याच डॉक्टरांकडे जातो.

मालकाने दिवसाच्या फेऱ्या दिल्या. भाज्या मी चिरतो. हिला सगळे सांगितले, आधी चिडली, मग म्हणाली चल फिरायला. रोज जातो, ही पुढे, मी मागे धापा टाकत. पोट उतरते आहे. हार्मोन वर आले आहे, शुक्राणू अजून पुरेसे नाहीत. डॉक्टर म्हणाले, मूल होईल, कदाचित नाहीही होणार, पुन्हा तपासू. आम्ही माघार घेणार नाही.

आशीर्वाद असू द्या.
गब्ब्या


१५ नोव्हेंबर

चि. गब्ब्यास आशीर्वाद.

त्या ‘कदाचित’ने माझी झोप उडवली. नातवंड हवे आहे, खोटे कशाला बोलू? पण सूनबाई फोनवर सांगत होती, तू हल्ली आंघोळ करताना बेसूर गातोस. ते ऐकून मी फोन ठेवला आणि तुझ्या उसवलेल्या पँटी पुन्हा शिवायला घेतल्या. तुझे गाणे बंद झाल्याचे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

तपासणीच्या आदल्या रात्री नीट झोप, रक्त सकाळीच दे. निकाल काहीही येवो, संध्याकाळी सूनबाईबरोबर चालायला जायचेच, मागे राहिलास तरी. मुलासाठी सुरू केलेस, आता तुझ्यासाठी चालू ठेव.

दोघांवर सारखाच जीव आहे.
तुझा बाप