निळी जीप आणि दोन तांबे ऊन पाणी

तीर्थरूप आईस,

तू होतीस तोवर तुला एकही पत्र लिहिलं नाही. एकाच घरात राहणाऱ्या माणसाला कोण पत्र लिहितं? शिवाय तुला वाचता येत नव्हतं. पण काल नगरला आपल्या जीपमधला दोष सापडला, आणि तो आधी तुला सांगायला हवा. दुसऱ्या कुणाला सांगून माझं मन हलकं होणार नाही.

गेल्या साली, दुष्काळात, विहीर तळाला गेली होती. माणशी दिवसाला एक घागर पाणी, त्यातच पिणं, त्यातच अंघोळ. वर आपल्या पारनेरच्या पठारावरचा मार्गशीर्षातला गारठा. मला सातच्या आत ओव्हरसियर साहेबांना तलावाच्या कामावर पोचवायचं असायचं. उशीर झाला तर ते दुसरी गाडी लावणार, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि लष्कराच्या लिलावात घेतलेली आपली जीप नेमकी सकाळी हटून बसायची. सेल्फ मारला की नुसती कण्हायची. दुपारी उन्हात मात्र एका दमात सुरू.

मी नवी बॅटरी टाकली, प्लग बदलले. फरक पडला नाही. मग कुणीतरी सांगितलं की कार्ब्युरेटरखालच्या पाइपाला फडकं गुंडाळ आणि वरून गरम पाणी ओत. ओतलं, आणि जीप लागली. त्या दिवसापासून रोज तिला दोन तांबे गरम पाणी लागू लागलं.

ते कुणाच्या घागरीतून येतं हे मला माहीत होतं, आई. तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू?

तुझे गुडघे किती वर्षं दुखत होते! न्हाणीतल्या दगडावर बसून त्यांच्यावर सावकाश पाणी सोडायचीस आणि म्हणायचीस, "दोन तांबं ऊन पानी पडलं की मी मानसात येते." तेवढीच एक चैन होती तुझी. ती तू जीपला देऊन टाकलीस. मी एकदाच विचारलं, तर म्हणालीस, "मी फडक्यानं अंग पुसून घेते की. थंडीचं कुनाला न्हायचंय?" मला ते पटवून घ्यायचंच होतं, म्हणून पटलं.

जीपखाली घमेलं ठेवून ओघळलेलं तेलकट पाणीसुद्धा तू धरायचीस आणि अंगणात शिंपडायचीस. आपल्या सड्याला पेट्रोलचा वास येतो म्हणून शेजारच्या काकू हसायच्या. तूही हसायचीस. मग भिंतीला धरून उठायचीस. ते मी बघायचो आणि सेल्फ मारायचो.

आणि एक गोष्ट तू कितीदा म्हणाली होतीस! "दत्तू, रंग लावल्यापासनं रुसलीय ही. आदल्या हिवाळ्यात बरी हुती." दसऱ्याला मी तिचा उडालेला हिरवा रंग खरवडून, सगळे सांधे सोडवून, स्वतःच्या हाताने निळ्या रंगाचे दोन हात दिले होते. पूजेच्या वेळी काय चकाकत होती! मी म्हणालो, "आये, रंगाचा अन् इंजिनाचा काय संबंध?" साहेबांना हा किस्सा मी जीपमध्ये रंगवून सांगायचो. म्हातारीच्या मते गाडी रुसलीय म्हणे.

चैत्रात तुला ताप आला आणि चार दिवसांत तू गेलीस. गुडघ्यांनी नाही गेलीस, हे मला कळतं. पण तुझा शेवटचा हिवाळा कसा गेला, हेही कळतं.

यंदा पाऊस झाला, विहीर भरली. परवा थंडी पडली आणि जीप पुन्हा कण्हायला लागली. सुलू, तुझी सून, न सांगता पाणी तापवून घेऊन आली. मला तिच्या हातातला तांब्या घेववेना. दुपारी गाडी नगरला उस्मानचाचांच्या गॅरेजात नेली, रात्रभर तिथेच थंड होऊ दिली.

काल सकाळी चाचांनी मला सेल्फ मारायला लावला, मग खाली बोलावून इंजिनापासून चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जाते त्या अर्थिंगच्या पट्टीवर माझा हात ठेवला. चटका बसला. "बॅटरी चांगली हाय तुझी," ते म्हणाले. "थंडीत तेल घट्ट व्हतं, सेल्फला करंट लई लागतो. तो हितं अडतोय. ऊन पान्यानं पेट्रोल लवकर पेटायचं, म्हनून कशीबशी लागायची." त्यांनी बोल्ट काढला. पट्टीखालचं लोखंड निळं होतं. मीच रंगवून वर पट्टी आवळली होती, आणि रंगातून करंट जात नाही. चाचांनी विचारलं, "रंग कुनी दिला रं हितं?"

पॉलिश पेपरने तेवढी जागा घासायला त्यांना पाच मिनिटं लागली.

पाच मिनिटं, आई! तुझं ऐकून नुसतं वाकून पाहिलं असतं, तर तो सगळा हिवाळा तुझे गुडघे शेकले असते. पण तुझंही चुकलंच. एकदा तरी चिडायचं होतंस. एकदा तरी म्हणायचं होतंस, न्हाई देत जा.

आज सकाळी जीप पहिल्याच सेल्फला लागली. सुलूने सवयीने दोन तांबे तापवून ठेवले होते. आता याचं काय करू, म्हणाली. मी ते न्हाणीत नेले आणि तुझ्या दगडावर सावकाश सोडले. दगडाची वाफ निघून जाईपर्यंत तिथेच उभा राहिलो. अंगणात जीप चालूच होती.

तुला एक शब्द देतो. यापुढे घरातलं कुणी म्हणालं, की अमकं केल्यापासून तमकं बिघडलं, तर मी आधी पाना घेऊन वाकेन. हसायचंच झालं तर नंतर हसेन.

तुझं पाणी घेतलेला,
दत्तू