बद्द वाजलेलं चाक

प्रिय दादा,

परक्या मुलखात पाठीवर पिशवी टाकून एकटाच आगगाडीने हिंडतोय. भाषेच्या नावाने ठणठणगोपाळ. आज एका स्टेशनात कामगार हातोडीने चाकं ठोकून बघत होता. आमच्या डब्याचं एक चाक खणखणीत न वाजता बद्द वाजलं, म्हणजे तडा गेलेला. मी खिडकीतून ओरडलो, "अहो मिस्त्री, परत ठोका!" शब्द नाही, पण हातवारे त्याला कळले. पुन्हा ठोकून त्याने मला सलाम केला आणि डबा काढायला लावला. "दादा, ऐकलंस?" म्हणत मी वळलो, तर शेजारी फक्त पिशवी.

आपल्या वर्कशॉपची वाटणी झाली तेव्हा तू म्हणालास, "एवढे तिखट कान तुझे, माझंच तेवढं ऐकू येत नाही." खरं होतं. हे पत्र टाकत नाही. वाचून "असू दे" म्हणशील आणि सुटशील. त्यापेक्षा समोरच येऊन बसतो. तू बोल, मी मध्ये तोंड घालणार नाही.

परतीच्या गाडीत बसलेला,
तुझा धाकटा