सरांनी हातानं केलेलं कार्ड

सर, तुमचं कार्ड आज पुन्हा चाललं. चाचांच्या कारखान्यात लूमच्या नक्षीसाठी पुठ्ठ्यांना भोकं पाडणारं मशीन अजून त्याच कार्डावर चालतं, पण कार्ड ज्या कॉम्प्युटरच्या स्लॉटमध्ये बसायचं तो दिवाळीनंतर कायमचा गेला. नव्या कॉम्प्युटरला तसला स्लॉटच नसतो. चाचा सगळंच भंगारात द्यायला निघाले होते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तुमच्या हातची एवढी एकच वस्तू उरलीय, ती मी जाऊ देणार होते होय!

मग जुन्या कॉम्प्युटरचं काम करायला बोटभर लांबीचा मायक्रोकंट्रोलर घेतला. त्याला पाय थोडे आणि स्लॉटच्या तारा ढीगभर, म्हणून मध्ये दोन-तीन चिपा घातल्या. तीन शुक्रवार त्यात गेले, कारण शुक्रवारी लूम बंद असतात, तेव्हाच तिथे डोकं चालतं. कार्ड ढिम्म. शेवटी टेमघरच्या क्लासमधला तुमचा ओरडा आठवला: "आदी पत्ता ठेव, मंग डेटा, आन् मंगच लिवायचा इशारा. घाई कुनाला हाय?" घाई मलाच होती, इशारा आधीच जात होता. क्रम बदलला आणि खटाखट भोकं पडायला लागली. मी चक्क रडले.

तेव्हाचं सगळं डोळ्यांपुढे आलं: मशीनच्या याच खोलीत मी उभी आहे, वीस वर्षांची. इथलं आधीचं, विकतचं कार्ड मी चालू कॉम्प्युटरमधूनच उपसलंय आणि जळका वास सुटलाय. "बंद केलं व्हतंस ना गं?" तुम्ही विचारता. "हो सर," मी म्हणते. तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघता आणि चाचांना सांगता, "मेरे हाथ से गया, चाचा. नया बनाके देता हूँ." पुढे महिनाभर क्लास सुटल्यावर तुम्ही मला शेजारी बसवून हे कार्ड केलंत. मला आज जे काही येतं ते त्या महिन्याचं आहे.

आज मशीन सुरू झाल्यावर चाचांना म्हटलं, "चाचा, वो पुराना कार्ड मैंने जलाया था." ते हसले. "मालूम है. सर बोले थे, लडकी को कुछ मत बोलना, नहीं तो डर के मारे फिर कभी कार्ड को हाथ नहीं लगाएगी."

हे ऐकून मी पुठ्ठ्यांच्या ढिगावरच बसले, सर. तुमचे उपकार कुठे मानायला जाऊ? हा कागद वहीतच राहणार आहे, तरी लिहिते. त्या दिवशी कॉम्प्युटर मी बंद केला नव्हता. हे चाचांच्या आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. माझा क्रम पुन्हा चुकला.